एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) पडली की आधी विचार, कधी पडली?

बटण दाबताच पडली तर शॉर्ट, दहा-पंधरा मिनिटांनी पडली तर बहुधा ओव्हरलोड, म्हणजे एकाच लाइनवर जास्त भार. आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) पडत असेल तर करंटची गळती शोध. आपल्या नागपुरात मे महिन्यात ती बरेचदा कूलरच्या पंपात सापडते. पंपाची पिन काढून बघ.

खरा घोळ न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, बाबू. बटण चालू, पंखा ढिम्म, आणि टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो! शिकाऊ असताना मी अशा घरात अर्धा दिवस घालवला (घरमालकीण तीनदा चहा देऊन गेली). न्यूट्रल तुटला की फेज (करंट आणणारी तार) पंख्याच्या वाइंडिंगमधून पलीकडच्या तारेवर येते. म्हणून टेस्टरवर भिस्त नको. दोन्ही तारांमध्ये टेस्ट लॅम्प (होल्डरला दोन तारा जोडलेला बल्ब) लाव. पेटला नाही, तर मेन बंद करून न्यूट्रलचे सगळे स्क्रू तपास. ढिला स्क्रू बरेचदा काळवंडलेला दिसतो.