टंचाई आली की भाव दुसऱ्या दिवशी चढतात, मग माल मुबलक झाल्यावर उतरत का नाहीत? ही दुकानदारांची लूट नाही का?

'लूट' हा शब्द वाचला आणि दुकान बंद केल्यावर उत्तर लिहायला बसले. कराडला आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे, पुढच्या अंगाला दुकान. अण्णांनी सुरू केलं, आता मी बघते. तुम्ही लिहिलंय की तुमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्यानं 2022 मध्ये तेलाचं नाव सांगून शेव महाग केली आणि तेल उतरल्यावर तो गप्प बसला. असे दुकानदार आहेत, मी नाकारत नाही. माझ्या घरातच यावरून असं भांडण झालं की आम्ही दोघं बहीणभाऊ आज वेगवेगळा धंदा करतो. म्हणून हे जरा लांबेल.

किलोभर शेवेत पाव किलोच्या वर तेल मुरलेलं असतं, शिवाय दर घाण्याला कढईत भर घालावी लागते. आमच्याकडे पामोलिनचा, म्हणजे तळणीच्या पामतेलाचा, पंधरा किलोचा डबा 2020 च्या सुरुवातीला दीड हजाराच्या आत मिळायचा. मार्च 2022 मध्ये तोच अडीच हजारांच्या घरात गेला. म्हणजे तेल किलोमागे सत्तरेक रुपयांनी चढलं आणि शेवेचा खर्च नुसत्या तेलापायी किलोला 20 रुपयांनी वाढला. त्यात मे महिन्यात 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर मुंबईत 2,300 च्या वर गेला. डाळ, मजुरी, पिशवीचं प्लॅस्टिक, गाडीभाडं हे सगळं मागोमाग आलंच.

हे एका रात्रीत झालेलं नाही. कोरोनात मलेशियाच्या सीमा बंद झाल्या आणि पामच्या मळ्यांत तोडणीला बाहेरदेशचे मजूर मिळेनात. 2021 मध्ये कॅनडाच्या कनोला या तेलबियांच्या पिकाला दुष्काळानं मारलं, पाठोपाठ ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सोयाबीनला. मग 24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडचं सूर्यफूल तेल तेव्हा बहुतेक या दोनच देशांतून यायचं, ते बंदरातच अडकलं. एक तेल तुटलं की गिऱ्हाईक दुसऱ्यावर जातं, त्यामुळे सोया, सरकी, पाम सगळी एकदम चढली. शेवटचा घाव इंडोनेशियानं घातला. जगात सर्वांत जास्त पामतेल तिथे निघतं, तरी तिथल्याच बायका स्वयंपाकाच्या तेलासाठी रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या सरकारनं 28 एप्रिलपासून निर्यात बंद केली, ती 23 मेला उठवली. महिनाभरसुद्धा नाही, पण त्या दिवसांत आमच्यासारख्यांची झोप उडाली. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तिकडे बंदर मिटलं की इथे डब्याचा भाव चढतो.

खरी टंचाई कशी दिसते ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माल संपतो. माल संपत नाही, उधारी संपते. सांगलीच्या ज्या पेढीवरून आम्ही वर्षानुवर्षं तेल घेतो, तिथे आमची एकवीस दिवसांची सोय होती. मार्चमध्ये फोन केला तर उत्तर आलं, "भाव संध्याकाळपर्यंतचाच, आणि पैसे आधी." त्यांचाही दोष नव्हता, त्यांच्याही मागे कुणीतरी रोख मागत होतं. पण आमचे पैसे गावोगावच्या दुकानांत अडकलेले. ती दुकानं आम्हाला महिन्यानं देणार आणि आम्ही तेलवाल्याला आज देणार. तेवढेच डबे आणायला जवळजवळ पावणेदोनपट रक्कम, तीही रोख. आमच्या भागातले दोन कारखाने त्या उन्हाळ्यात बंद पडले ते तोट्यानं नाही. धंदा चालू होता, हातात पैसा नव्हता. मोठ्या कंपनीला बँक कर्ज देते. आमच्यासारख्याला सोनं गहाण टाकावं लागतं, आणि मी टाकलं.

भांडण इथेच सुरू झालं. दुकानात सुटी शेव 180 रुपये किलो होती. माझा हिशेब सरळ होता. तेलाचे 20, बाकी सगळ्याचे 20, भाव 220. दाराशी फळा लावायचा आणि त्यावर रोज दोन ओळी लिहायच्या: आजचा तेलाचा डबा एवढ्याला, आजची शेव एवढ्याला. धाकटा भाऊ पाकिटांचं बघायचा. तो म्हणाला, "ताई, भाव वाढवला की गिऱ्हाईक शेजारी जातं. वजन कमी कर, कुणी बघत नाही." त्यानं 40 रुपयांचं 200 ग्रॅमचं पाकीट 170 ग्रॅमवर आणलं. पाच रुपयांचा पुडासुद्धा बारीक केला. पाकिटाचं चित्र तेच, रंग तोच, फुगवटा तोच. वजनाचा आकडा मागच्या बाजूला, कायद्याला लागतो तेवढ्याच टाइपात.

मी म्हटलं, हे मला चालणार नाही. तो म्हणाला, सगळ्या मोठ्या कंपन्या हेच करतात. आणि खरंच करतात! बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे, आतली बिस्किटं तेवढी राहिली आहेत का ते कुणीही मोजून बघावं. पण मोठे करतात म्हणून आपण करायचं हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. अण्णा त्या रात्री एवढंच म्हणाले, "दोघंही आपापलं करून बघा." तेव्हापासून काउंटर माझा आणि पाकिटं त्याची झाली. पुढे त्यानं शेडही वेगळी घेतली.

फळ्यानं माझं नुकसान केलं, हेही खरं आहे. पहिले काही आठवडे लोक भाव वाचायचे आणि पायरीवरूनच परत फिरायचे. आमच्याकडची शेव मिसळीला नेणारे एक हॉटेलवाले काका थेट म्हणाले, "पोरी, समोरचा 200 ला देतो." मी त्यांना कढईजवळ नेलं आणि तेल दाखवलं. कारण 200 ला कशी परवडते हे मला माहीत होतं. तेल महागलं की पहिला मोह होतो तेच तेल पुन्हा पुन्हा तळायचा. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं नावाचे घटक वाढतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायला बंदी आहे, 1 जुलै 2018 पासून. हा नियम किती ठिकाणी पाळला जातो ते शेवेच्या रंगावरून आणि घशात होणाऱ्या खवखवीवरून ओळखा. टंचाईचा सगळ्यात वाईट परिणाम भावात दिसतच नाही, तो पोटात जातो. काकांनी तेल बघितलं, दोन आठवडे दुसरीकडून घेतलं आणि परत आले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. भाव उतरत का नाहीत?

मलेशियाच्या बाजारात पामतेल मार्च 2022 मध्ये टनाला 7,000 रिंगिटच्या (तिथलं चलन) वर गेलं होतं, सप्टेंबरअखेर ते निम्म्यावर आलं. पण तिकडचा भाव पडला म्हणून इथला डबा त्या दिवशी स्वस्त होत नाही. पामचं जहाज यायला पंधरा दिवस लागतात, अर्जेंटिनाचं सोया यायला दीड महिना. मग रिफायनरी, मग घाऊक, मग आमची पेढी. प्रत्येकाकडे चढ्या भावाचा माल पडलेला असतो आणि प्रत्येक जण तो आधी खपवतो. ही उशिराची गोष्ट मला मान्य आहे.

मला मान्य नाही ती पुढची गोष्ट. भाव चढताना हाच व्यापारी गोदामातला जुना स्वस्त माल नव्या भावानं विकतो. विचारलं तर म्हणतो, उद्या मला नव्या भावानंच आणायचा आहे. भाव उतरताना तोच म्हणतो, माझा माल जुन्या भावाचा आहे. चढताना उद्याचा हिशेब, उतरताना कालचा. दोन्हीपैकी कुठलाही एक नियम धरला तर मी त्याला प्रामाणिक म्हणेन. दोन्ही धरले तर तुमचा 'लूट' शब्द मी मागे घ्यायला सांगणार नाही.

आणि हे फक्त गल्लीत होत नाही. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्रानं कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. देशात तेव्हा कमी शुल्कात आलेलं जवळपास 30 लाख टन तेल पडून होतं, 45 ते 50 दिवस पुरेल एवढं. सरकारनं तेल उद्योगाला सांगितलंही, की तो साठा संपेपर्यंत भाव वाढवू नका. मला मात्र लगेचच डबा वाढीव भावानं घ्यावा लागला. दिवाळी तोंडावर होती, चिवड्याच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या, आधीच्या भावानं. त्या मी आधीच्याच भावानं दिल्या.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये डबा सोळाशेच्या आसपास आला तेव्हा मी शेव 220 वरून 200 केली. वाढलेल्या 40 मधले 20 तेलाचे होते, ते गिऱ्हाइकाला परत गेले. उरलेले 20 गॅसचे, मजुरीचे, डाळीचे होते. ते उतरलेच नव्हते, मग देणार कुठून? मजुरी तर उतरूच नये. माझ्या भट्टीवरच्या माणसालाही तेच महाग तेल घरी न्यावं लागतं. म्हणून तुमच्या दुकानदाराचा भाव 2020 च्या आकड्यावर परत यावा ही अपेक्षा धरू नका. तेलामुळे किती वाढवला होता तेवढंच त्याला विचारा. भाव उतरवला नसता तर फळ्यावरचा तेलाचा आकडाच माझ्याशी भांडला असता. रोज सकाळी मीच तो लिहीत होते आणि गिऱ्हाईक वाचत होतं.

आणि माझ्या धाकट्या भावाचं पाकीट? तेल उतरलं तरी 170 ग्रॅमच राहिलं. वजन कमी करण्यातली खोट हीच आहे. वाढलेला भाव लोकांना टोचतो, त्यामुळे कधीतरी तो उतरवावा लागतो. कमी झालेलं वजन कुणाच्या लक्षात नसतं, म्हणून ते परत कुणी मागत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला तेव्हा त्यानं ते 180 केलं. तेवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, कराचा फायदा त्यानं जवळजवळ पूर्ण दिला. पण 200 झालं नाही ते नाहीच.

त्याची बाजूही थोडी मांडते, नाहीतर अन्याय होईल. पाच रुपयांच्या पुड्याचे साडेपाच करता येत नाहीत, पन्नास पैशांचं नाणं आता कुणी वापरतच नाही. शाळेजवळच्या टपरीवर पोरगं पाचाचं नाणं घेऊन येतं, तिथे वजनाशिवाय दुसरं काय बदलणार? माझी बरीचशी विक्री काउंटरवरची, रोखीची आणि सुटी आहे, म्हणून फळा मला परवडला. फिरतीवर माल देणाऱ्याला तो परवडेलच असं नाही. शिवाय स्वस्त तेल म्हणजे सगळ्यांचं भलं असंही समजू नका. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. 2024 च्या सुगीत हमीभाव 4,892 असताना लातूरकडचे शेतकरी त्याच्या खालीच विकत होते. शुल्क वाढवलं ते त्यांच्यासाठी, आणि मला डबा महाग पडला तरी त्या कारणावर माझा राग नाही. राग आहे तो कमी शुल्कात आलेलं तेल वाढीव शुल्काच्या भावानं विकणाऱ्यांवर.

तुम्ही काय करावं? पाकीट घेताना किंमत सोडा, मागे प्रति ग्रॅम भाव छापलेला असतो तो बघा. 40 ला 200 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला 20 पैसे, 40 ला 170 म्हणजे साडेतेवीस. सुटं घेत असाल तर दुकानदाराला डब्याचा आजचा भाव विचारा. जो सांगेल त्याच्याकडून घ्या, दोन रुपये जास्त असले तरी. जो चिडेल त्याच्याकडे तळणीचं तेल बघायला मागा.

आणि माझा भाऊ हे वाचत असेल तर, पाच रुपयांचा पुडा तुझा तू ठेव, त्यावर माझं काही म्हणणं नाही. त्या 40 च्या पाकिटावर मात्र वजन पुढच्या बाजूला, नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात छाप. 180 तर 180. छापून एक दिवाळी काढ आणि खप किती पडतो ते मला येऊन दाखव. पडला तर माझ्या दुकानात तुझी पाकिटं मी स्वतः मांडीन.