बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी अठरा दिवसांवर आली आहे आणि भीतीने झोप लागत नाही. रद्द करू का? तयारी कशी करू?

नेरुळच्या ताई, तुम्ही लिहिलंय की स्लीव्हची, म्हणजे पोट लहान करून वजन उतरवायच्या ऑपरेशनची, तारीख ठरली आहे, रात्री दोन वाजता जाग येते ती येतेच, भूल दिल्यावर उठलेच नाही तर मुलीचं काय हा एकच विचार डोक्यात फिरतो, आणि माहेर-सासर दोन्हीकडून ‘रद्द कर’चा धोशा चालू आहे. मी ठाण्याची. नौपाड्यात राहते, एका पतपेढीत कॅशवर बसते. २०२४ च्या सप्टेंबरात माझी स्लीव्ह झाली. तेव्हा मी ४४ ची होते, उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४६ च्या वर, नऊ वर्षांची शुगर, आणि घोरणं असं की शेजारच्या ब्लॉकमधल्या आजी सकाळी ‘झोप झाली का गं नीट?’ विचारायच्या. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं जे काही लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी माझी तारीख का पुढे गेली ते सांगते.

पहिली तारीख ऑगस्टची होती. ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर तपासतात, हॉस्पिटलात त्याला पीएसी म्हणतात. माझ्या वेळी एक पन्नाशीच्या बाई होत्या. तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, आणि फॉर्म भरता भरता खाली मान घालूनच विचारलं, ‘तंबाखू, गुटखा, मिश्री?’ शेजारी नवरा बसलेला. मी म्हटलं, ‘नाही.’

मी लग्नाच्या आधीपासून मिश्री लावत होते. आईची सवय, तिच्याकडून आली. घरी कोणाला माहीत नाही असा माझा समज होता. त्या ‘नाही’नंतरच्या चार रात्री मी ज्या काढल्या ना, तीच तुमची दोन वाजताची जाग. मी सगळ्यांना सांगत होते की भुलीची भीती वाटते. भीती भुलीची नव्हतीच. भूल देणाऱ्या बाईला मी खोटं सांगितलं आहे आणि ती त्या खोट्याच्या भरवशावर औषध देणार, ही होती.

पाचव्या दिवशी पतपेढीतून, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून हॉस्पिटलला फोन केला. ओरडा बसेल असं वाटलं होतं. त्या बाई एवढंच म्हणाल्या, ‘बरं झालं आत्ता सांगितलंत.’ निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, पोटाला लावलेल्या स्टेपलची रेघ भरून यायला वेळ लागतो, अल्सरचा धोका वाढतो, हे सर्जननी नंतर समजावलं आणि ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकललं. आता घरी कारण सांगणं आलं. संध्याकाळी नवऱ्याला तलावपाळीला नेलं, घरात सासूबाई असतात म्हणून. सांगितलं. तो बराच वेळ तलावातल्या बोटी बघत बसला आणि म्हणाला, ‘देवघराच्या खालच्या कप्प्यातली डबी ना? मला वाटलं तुला सांगायचं नाहीये.’

म्हणून पहिली तयारी ही. डॉक्टरांपासून, डाएटिशियनपासून, घरच्यांपासून काय लपवलंय ते स्वतःशी एकदा काढा. मिश्री असेल, रात्रीचं खाणं असेल, कधीतरीची दारू असेल, डिप्रेशनची जुनी गोळी असेल, आठवड्याला घेतलेलं वजनाचं इंजेक्शन असेल. या इंजेक्शनांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून भूल देणाऱ्यांना ते कळलंच पाहिजे. पाळी चुकली असेल तर तेही सांगा. ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, आणि वजन उतरायला लागलं की दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते.

आता भीती. मी ती एका वहीत सुटी करून लिहिली, हिशेबाची सवय. ‘भीती वाटते’ अशी एक ओळ न लिहिता नेमकं कशाची ते, आणि पुढे कोणाला विचारायचं ते.

‘उठले नाही तर?’ हे भूल देणाऱ्यांचं खातं. मला त्यांनी सांगितलं की तुमच्या बाबतीत भुलीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे झोपेत श्वास अडकतो ती, आणि त्यावर इलाज आहे. घरीच स्लीप स्टडी झाली, बोटाला आणि नाकाला वायरी लावून. स्लीप अ‍ॅप्निया निघाला आणि महिनाभर सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावून झोपायला सांगितलं. पहिल्या रात्री मास्क लावून आरशात पाहिलं तर फायटर विमानातली पायलट. पण तिसऱ्या-चौथ्या रात्री कित्येक वर्षांनी मी सलग सहा तास झोपले आणि निम्मी भीती तिथेच गळाली. झोप नसली की माणूस भलतेसलते विचार करतो. तुम्ही घोरत असाल आणि ही तपासणी झाली नसेल, तर उद्याच विचारा. मशीन मिळालं तर हॉस्पिटलात जातानाही बरोबर न्या.

‘मेले तर?’ हे मी सर्जनना सरळ विचारलं. लाजू नका, त्यांना सवय असते. अनुभवी हातात या ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास धरतात. स्टेपलची रेघ गळण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. शून्य नाही. पण तो आकडा ऐकल्यावर मी विचारलं, गळलं तर कळणार कसं? नाडी उगाच जोरात चालणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, श्वास लागणं. घरी आल्यावर यातलं काही झालं तर रात्रीच्या तीनलाही कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो मी फ्रिजवर चिकटवला. तुम्हीही तो नंबर आधी मागून घ्या. देत नसतील तर मात्र तारीख पुढे ढकलायला ते पुरेसं कारण आहे, हे माझं मत.

‘परत कधी नीट खाता येणार नाही’ ही भीती कोणी बोलत नाही, असते सगळ्यांना. स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, उरते केळ्याएवढी नळी. मग काय, डाएट सुरू व्हायच्या आधी मी निरोपाची फेरी काढली. मामलेदारची मिसळ, स्टेशनवरचा वडापाव, रात्री आइस्क्रीम. तीन दिवसांत दीड किलो वाढलं आणि डाएटिशियनने वजनकाट्याकडे बघून नुसती भुवई उचलली. ही फेरी काढू नका. मिसळ कुठे जात नाही. मी आता खाते, चार चमचे, तर्री बाजूला.

ऑपरेशनआधी पाळायला लावतात ते दोन आठवड्यांचं डाएट म्हणजे वजन कमी करून दाखवण्याची परीक्षा नाही. यकृताचा डावा भाग पोटावर टेकलेला असतो, आणि आपल्यासारख्यांचं यकृत चरबीने फुगलेलं. ते आकसलं तर सर्जनना दुर्बिणीतून वाट मोकळी मिळते, नाहीतर ऑपरेशन अवघड होतं. हे कळल्यावर मला ते पाळणं सोपं गेलं, कारण आता उपाशी राहणं कशासाठी ते माहीत होतं.

सोपं म्हणजे किती? माझं डाएट हरतालिकेला सुरू झालं. दुसऱ्या दिवशी गणपती, मग गौरी. घरात उकडीचे मोदक वाफवले जाताहेत, हळदीच्या पानांचा वास जिन्यापर्यंत, आणि मी प्रोटीन पावडर पाण्यात ढवळतेय. गौरीजेवणाच्या दिवशी पंगतीला वाढता वाढता एक मोदक तोंडात गेलाच. तूप टाकलेला. लगेच डाएटिशियनला मेसेज केला, ‘एक मोदक झाला.’ तिचं उत्तर आलं, ‘एकच ना? दुपारपासून परत ताक.’ बस्स.

शुगर असेल तर इथे जपा. खाणं एकदम कमी झाल्यावर जुन्या डोसने शुगर खाली जाते. चौथ्या दिवशी कॅश मोजताना माझे हात थरथरायला लागले, मीटरवर ६८. गोळ्या त्याच दिवशी डॉक्टरांनी कमी करून दिल्या. ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद करायची असते, ते कधी हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून काही बंद-चालू करू नका.

आत तीन छोटे चेंडू असलेलं प्लास्टिकचं खेळणं देतील, श्वासाच्या व्यायामाचं, स्पायरोमीटर. मी दोन दिवस त्यात जीव खाऊन फुंकत होते आणि चेंडू हलत नाहीत म्हणून रडत होते. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! मुलाने यूट्यूबवर बघून सांगितलं. ऑपरेशनआधी रोज सराव केलात तर नंतर पोट दुखत असताना फुप्फुसं उघडी ठेवायला ते कामी येतं. दुसरा सराव घोट घोट पिण्याचा. ऑपरेशननंतर सुरुवातीला औषधाच्या छोट्या कपाएवढं, ३० मिली पाणी सावकाश प्यायचं असतं. मी पूजेतल्या पळीने ताक पिऊन पाहिलं आणि आमच्या घरात तो आठवडाभराचा विनोद झाला. जेवताना पाणी न पिणं मला सगळ्यात जड गेलं. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. ताटाशेजारी तांब्या ठेवायचाच नाही, हाच उपाय.

विम्याचं थोडक्यात. सध्याच्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि बरोबर आवाक्यात न येणारी टाइप टू शुगर, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, हृदयविकार असं काही असेल, तर पॉलिसीत हे ऑपरेशन धरतात. पण पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपलेला हवा. माझी फाइल एका कागदासाठी परत आली होती, म्हणून सांगते, आधी वजन कमी करायचे कोणते प्रयत्न केले त्याचे जुने कागद शोधून ठेवा.

घरचे ‘रद्द कर’ म्हणतात. माझी नवी तारीख नेमकी पितृपक्षात आली. डोंबिवलीच्या आत्याबाईंनी फोनवर हाय खाल्ली. पितृपक्षात कोणी ऑपरेशन करतं का! सासूबाईंना मी भ्यायले होते, त्यांचा या सगळ्यावर विश्वास. त्यांनी पंचांग उघडलं, बोटाने तारखा मोजल्या आणि म्हणाल्या, ‘यांची तिथी अष्टमीला. तोवर घरी येशील ना?’ आले. सगळे खीर-वडे जेवत होते आणि त्यांनी माझ्यासाठी वरणाचं पाणी दोनदा गाळून वाटीत ठेवलं होतं. तुमच्या सासूबाईंना एकदा डाएटिशियनकडे बरोबर न्या. नाही म्हणणाऱ्या माणसाला काम दिलं की ते बदलतं, निदान आमच्याकडे बदललं.

आता तुमचा खरा प्रश्न. भीती वाटते एवढ्यासाठी रद्द करू नका. पण प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील, ताप-खोकला असेल, तंबाखू सुटला नसेल किंवा मन इतकं खचलं असेल की दिवसाही उठवत नाही, तर पुढे ढकला. ऑपरेशन थिएटरच्या दारातूनही ‘नको’ म्हणायचा हक्क तुमचा आहे, हे मला माझ्या सर्जननीच सांगितलं, आणि त्यामुळेच मी आत गेले.

आत गेल्यावरचं मला फार आठवत नाही. थंडी, डोक्यावर दिवे, त्या भूलवाल्या बाईंनी हात धरून विचारलं, ‘मिश्री?’ मी म्हटलं, ‘सहा आठवडे नाही.’ पुढची आठवण खांदा दुखतोय ही. पोट फुगवायला गॅस भरतात, तो खांद्यात जाणवतो. चालल्यावर कमी होतो, त्याच संध्याकाळी दोघींनी धरून चालवलं.

एक राहिलं. ऑपरेशनच्या आधी अंगावर धातू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी मंगळसूत्र काढलं, बांगड्या साबण लावून काढल्या, जोडवी निघेनात. लग्नात घातलेली, बोटं सुजून त्यात रुतलेली. तेल लावलं, दोरा गुंडाळला, बर्फ लावला. शेवटी रात्री साडेआठला सोनाराकडे, तो दुकान बंद करत होता. त्याने स्टुलावर पाय ठेवायला सांगून कात्रीने कापली आणि पैसे घेतले नाहीत. ती धावपळ तुम्हाला नको. जोडवी आज रात्रीच काढून बघा.