पहिल्यांदाच गाडीवरचा बॅज (लोगो, नावाची अक्षरं) काढताय?

स्क्रू ड्रायव्हर आणि ब्लेड आधी घरात ठेवून या. नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त ओरखडे त्यांनीच पडतात.

डिकीवरची अक्षरं बहुतेक दुहेरी चिकटपट्टीवर असतात. मोठ्या लोगोमागे मात्र कधी कधी पिना आणि पत्र्याला भोकं असतात. तसं असेल तर सध्या लोगो राहू द्या.

- गाडी धुवा, सावलीत लावा.
- हेअर ड्रायर २-३ मिनिटं हलवत फिरवा. पत्रा हाताला सोसवेल इतकाच तापू द्या.
- तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) किंवा डेंटल फ्लॉस अक्षरामागे घालून करवतीसारखी ओढा. अडकली तर जोर नको, पुन्हा गरम करा.

उरलेला गोंद अंगठ्याने चोळत राहा, वळ्या होऊन निघतो. चिवट राहिला तर टार रिमूव्हर (गाडीवरचं डांबर काढायचं द्रावण). थिनर अजिबात नको, पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर तर नाहीच.

मग अक्षरांची सावली दिसेल. घाबरू नका! तिथला रंग उलट जपला गेलाय, फिका पडलाय तो उन्हातला. म्हणून पॉलिश नुसत्या त्या जागेवर नाही, आजूबाजूलाही हवं. आधी हाताने, मऊ मायक्रोफायबरने करा. मशीनचं नंतर बघू. जुन्या लाल गाडीवर पुसटशी खूण राहूही शकते. शेवटी वॅक्सचा एक हात द्या.