तूप प्यायल्याने बाळ घसरत नाही

«मावशी, मी २६ वर्षांची. पहिलंच बाळंतपण, त्यासाठी माहेरी पाटणजवळच्या गावी आले आहे. डॉक्टरांच्या तारखेला सहा दिवस उरलेत. रात्री झोप नाही. पोट मध्येच दगडासारखं घट्ट होतं नि सुटतं. कळा आल्या हे मला कळेल का? सासूबाई रोज सकाळी फोनवर 'अजून काही नाही?' विचारतात आणि एरंडेल घ्यायला सांगतात. आई वाटीने तूप पाजते, पण दवाखान्याची पिशवी भरू देत नाही, अशुभ म्हणते. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. काल आईवर ओरडले आणि मग तासभर रडले. खरं सांगू? बाळ बघून मला काहीच वाटलं नाही तर, असं मनात येतं. – चारचौघींसारखी नसलेली»

अगं, आधी ती सही खोड. या आठवड्यात आईवर न ओरडलेली बाई मला अजून भेटायची आहे.

तारखेचं आधी सांगते, कारण तुमच्या घरातली निम्मी धुसफुस तिच्यावरून चाललीय. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, एवढाच तिचा हिशेब. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, ते त्याच्या जवळपास जातं. पण नेमकी त्या तारखेला जन्मणारी बाळं विसात एखादंच. पहिलटकरणीचं तर तारीख उलटून जाणं अगदी नेहमीचं. ४१ आठवडे भरत आले की डॉक्टर स्वतःच कळा आणायच्या औषधाचा विषय काढतील. तोवर सासूबाईंच्या फोनला उत्तर देणं हे तुझं काम नाही, त्यांच्या मुलाचं आहे. 'बातमी मीच देईन, रोज तिला विचारू नकोस', हे वाक्य आईला लेकानेच ऐकवावं. सुनेने म्हटलं की त्याचं महाभारत होतं.

एरंडेल घेऊ नकोस. त्याने कळांच्या आधी जुलाब-उलट्या होतील आणि ऐन वेळी अंगातलं पाणी गेलेलं असेल. तुपाचं म्हणशील, तर तूप जातं जठरात आणि बाळ आहे गर्भाशयात. दोघांची वाटेत गाठ पडत नाही. भातावर चमचाभर घे, चवीला चांगलं लागतं. वाटीने प्यायलीस तर रात्रीची छातीतली जळजळ तेवढी वाढेल.

आता पोट दगड होण्याबद्दल. या खोट्या कळा. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने, कुठलाच ताळमेळ नसतो. कूस बदलली, दोन ग्लास पाणी प्यायलं, अंगणात फेरी मारली की विरतात. मी स्वतः पहिल्या वेळी अशा कळांवर दोनदा दवाखाना गाठला होता. दुसऱ्यांदा परत पाठवताना सिस्टर म्हणाल्या, 'बाई, दारातून हसत आलात, म्हणजे अजून वेळ आहे.' तेव्हा राग आला होता, पण त्या बरोबर होत्या. खरी कळ बहुतेकींच्या कमरेतून निघते, वळसा घालून ओटीपोटात येते, आणि ती चालू असताना बोलणं तोंडातच राहतं. झोपलं, चाललं, काही केलं तरी थांबत नाही. दोन कळांमधला वेळ घटत जातो आणि जोर वाढत जातो.

त्याआधी एखाद-दोन दिवस शेंबडासारखा चिकट, किंचित रक्ताळ स्राव दिसू शकतो. त्याला घाबरायचं नाही आणि लगेच धावायचंही नाही. पोट खाली उतरलं असेल तर श्वास मोकळा होतो आणि त्याची भरपाई म्हणून दर अर्ध्या तासाने लघवीला उठावं लागतं. झोपताना पाठीवर नको, कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन.

आणि इथे तुझ्या आईला काम देऊ. ती रात्री चारदा दार ढकलून बघत असणार, कारण तिच्या हातात करण्यासारखं तुपाशिवाय काही नाही. तिला घड्याळ आणि वही दे. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटं, आणि कळ किती वेळ टिकली, हे तिने लिहायचं. साधारणपणे दर पाच मिनिटांनी, मिनिटभराची, अशी तासभर चालली की दवाखान्यात जायचं, असं पहिलटकरणीला सांगतात. पण तुमचा दवाखाना कराडला असेल तर रस्त्याचा तास धरून त्याआधीच निघा. रात्रीची गाडी कोण काढणार हे आजच ठरवा, आणि १०२ व १०८ हे दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

काही गोष्टींत मात्र वही बाजूला ठेवायची. पाणी गेलं, म्हणजे कळ नसतानाही भसकन किंवा झिरपत पाणी आलं, तर स्वच्छ पॅड लावून वेळ आणि रंग बघायचा आणि निघायचं. रंग हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असते, तिथे क्षणाचाही उशीर नको. पाळीसारखं रक्त, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, एकाएकी तोंडावर सूज, तळहात-तळपायांना खाज, यातलं काहीही झालं तरी लगेच निघायचं. आणि बाळाचं हलणं. 'शेवटी जागा नसते म्हणून कमी हलतं' असं शेजारणी सांगतील, ते ऐकू नकोस. लाथ मारायची पद्धत बदलते, पण हलणं कमी व्हायला नको. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री जा. परत पाठवलं तर पाठवलं, मी नाही का दोनदा परत आले!

नवऱ्याचं एक बरं आहे. पहिलं बाळंतपण सहसा खऱ्या कळांपासून बारा तास किंवा जास्तच चालतं. चाकणहून पाच तास धरले तरी वहीत पहिल्या नियमित कळा दिसताच तो निघाला तर बहुधा पोचेल. सुपरवायझरशी आत्ताच बोलून ठेवायला सांग. नाहीच पोचला, तर आत तुझ्याजवळ कोण थांबणार हे दवाखान्यात आधीच विचारून ठेव.

पत्रातली शेवटची ओळ मात्र मी तीनदा वाचली. बाळ छातीवर ठेवताच आईला भरून येतं, हे मालिकांतलं. खरोखर बऱ्याच जणींना त्या क्षणी फक्त 'सुटले एकदाची' वाटतं, नि कुणाला थंडी वाजत असते. मला चहा हवा होता. लेक समोर होती आणि मी बिस्किटाचा विचार करत होते. ती मला आवडायला लागली ती साधारण चौथ्या दिवशी, झोपेत ओठ वाकडे करताना. पहिल्या तासात बाळाला जवळ घे, पिवळं चिकाचं दूध पाज, तेवढं पुरे. प्रेमाची हजेरी कुणी घेणार नाहीये. बाळंतपणानंतर काही दिवस उगीच रडू येतं, तेही येऊ दे. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, बाळाची किंवा स्वतःची भीती वाटत असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांग. त्यावर उपचार आहेत.

आता पिशवी. आईशी वाद घालू नकोस. नवं काही न घेता आईच्याच जुन्या सुती साडीची दुपटी फाडून, धुऊन, उन्हात वाळवून ठेव. ती तशीही नव्या कापडापेक्षा मऊ असतात. त्यांत तुझे दोन गाऊन आणि पॅड. सगळ्यात वर फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार आणि आशाताईंनी दिलेलं माता-बाल कार्ड. पिशवी दाराशी ठेव. आईने विचारलं तर म्हण, जुने कपडे आहेत.