'साधकबाधक चर्चा झाली' हे वाक्य वहीतून हद्दपार करा

तुमच्या इंदूरच्या मंडळात अकरा जणांची कार्यकारिणी, दर महिन्याला तीन-तीन तास बैठक आणि उठताना हाती काही नाही, तर बैठकीतून निर्णय निघावेत म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. इंदूरच्याच एका मराठी मंडळात बारा वर्षं सचिव होतो, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे.

आधी जुनं प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्ताची वही, काढून बघा. आमच्या वहीत लागोपाठ तीन बैठकांखाली माझ्याच अक्षरात एकच ओळ होती: 'गणेशोत्सवाच्या मांडवाबाबत साधकबाधक चर्चा झाली.' चौथ्या बैठकीपर्यंत मांडववाल्याने दुसरीकडचं काम धरलं होतं. त्याची काय चूक? त्याला फोन कोणी करायचा हेच आमचं ठरलं नव्हतं.

तेव्हापासून ठराव घरी जाऊन लिहिणं बंद केलं. विषय संपला की तिथल्या तिथे लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा: काय करायचं, किती रुपयांपर्यंत, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. वाचल्याबरोबर कोणीतरी म्हणतंच, "अहो, मी असं म्हणालोच नव्हतो." म्हणू द्या. महिन्याभराने इतिवृत्त कायम करताना म्हणण्यापेक्षा ते बरं. आणि नावाच्या जागी 'सर्वांनी मिळून' लिहिलंत, तर ते काम तुमच्याच गळ्यात पडणार हे धरून चाला.

विषयपत्रिकेत नुसतं 'गणेशोत्सव' लिहू नका, प्रश्न लिहा: 'मांडव पाच दिवस की दहा? दोन कोटेशनांपैकी कोणतं?' कोटेशनं चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर टाका. ज्याची माहिती आली नाही, तो विषय पुढच्या महिन्यात. रुसवेफुगवे होतील, आमच्याकडेही झाले.

'ऐनवेळचे विषय' हे खरं भोक. त्यात पैशांचा विषय घ्यायचाच नाही, एवढा एक नियम अध्यक्षांकडून आधी कबूल करून घ्या. लांबलेल्या ज्येष्ठांना आवरणंही अध्यक्षांनाच शोभतं, सचिवाने मध्ये पडू नये.

आपल्या मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्ट्रारकडे दरवर्षी द्यायची कार्यकारिणीची यादी (कलम 27) आणि हिशेब (कलम 28) यांवर चर्चा कसली करायची? तारीख टाकून सचिव-कोषाध्यक्षांकडे सोपवा.

आणि हो, पोहे-जिलबी शेवटी. आमची रविवारी सकाळी नऊची बैठक पोह्यांनीच सुरू व्हायची. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) यांच्या गप्पांतच पावणेदहा वाजत. पोहे साडेदहाला आणायचे ठरलं, तेव्हापासून सव्वादहाला सगळ्यांचं लक्ष दाराकडे आणि शेवटचे दोन ठराव विनातक्रार मंजूर.