श्रेय फुंकरीला जाते

प्रश्न : मी ठाण्यात राहते, वय 41, दादरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी फास्ट लोकलने ठाणे सोडल्यावर, घाटकोपर येण्याआधी, अचानक छातीत धडधडू लागले, हातापायांना मुंग्या आल्या आणि आपण इथेच कोसळणार असे वाटले. हृदयाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या व्यवस्थित आल्या. तो पॅनिक अटॅक होता, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर मी स्लो गाडीने जाऊ लागले, मग दाराजवळच उभी राहू लागले, पुढे लेडीज डबा सोडून यजमानांसोबत जनरल डब्यात. गेले आठ महिने रिक्षा आणि बस बदलत जाते. वेळ फार मोडतो, पण भीती मुळीच वाटत नाही. मी बरी झाले असे समजावे का? आणि तसे असेल, तर लोकलच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा का येतो?

उत्तर : बसमध्ये न वाटणारी भीती आणि पोटात येणारा गोळा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तुम्ही अजून बऱ्या झालेल्या नाहीत, हे मी स्पष्टपणे सांगते, कारण आठ महिन्यांची ही शांतता फसवी आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. होबार्ट मॉवरर यांनी 1947 मध्ये टाळण्याच्या वर्तनाची दोन पायऱ्यांत मांडणी केली. पहिल्या पायरीवर अभिसंधान घडते, म्हणजे तो झटका आणि गर्दी, बंद वाटणारा डबा, न थांबणारी गाडी यांची मनात गाठ पडते. दुसऱ्या पायरीवर, तुम्ही पहिल्यांदा फास्ट गाडी सोडून देऊन मागून येणाऱ्या स्लो गाडीसाठी थांबलात, त्या क्षणी छातीवरचे ओझे उतरले. आणि ज्या कृतीनंतर असा सुटकेचा निःश्वास मिळतो, ती कृती पुन्हा करण्याची ओढ वाढते. घरची माणसे याला कधी कधी मनाचा दुबळेपणा म्हणतात, ते मला फार लागते. शिकण्याची जी यंत्रणा मुलाला गरम तव्यापासून दूर ठेवते, तीच येथे नको त्या ठिकाणी काम करते आहे.

तरीही तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा यापुढे आहे. 1953 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. खूण मिळाल्यावर दहा सेकंदांत अडथळ्यावरून पलीकडच्या कप्प्यात उडी मारली नाही, तर विजेचा धक्का बसे. कुत्री थोड्याच प्रयत्नांत हे शिकली. नंतर धक्का कायमचा बंद केला, तरी ती शेकडो वेळा उड्या मारत राहिली, आणि तीही हळूहळू निवांतपणे, भीतीची फारशी लक्षणे न दाखवता. भीतीच जर टाळायला लावत असेल, तर भीती ओसरल्यावर टाळणे का थांबत नाही, याचे समाधानकारक उत्तर मॉवरर यांच्या मांडणीत नव्हते. सेलिगमन आणि जॉन्स्टन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये सुचवलेले उत्तर मला अधिक पटते : प्राण्याच्या मनात दोन अपेक्षा असतात, उडी मारली तर धक्का नाही आणि न मारली तर धक्का. पहिली अपेक्षा दर उडीगणिक खरी ठरते, दुसरी मात्र तपासलीच जात नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण सहज म्हणतो. पण तो फुंकतो म्हणूनच ताक मुळातच थंड होते हे त्याला कधी कळत नाही. तोंड पोळले नाही, याचे श्रेय फुंकरीला जाते. तुमची बस ही अशी फुंकर आहे. तुम्ही लिहिलेले नाही, तरी पर्समध्ये पाण्याची बाटली, एखादी गोळी, यजमानांचा लगेच लागणारा फोन असे काही असेल, तर त्याही फुंकरीच आहेत. म्हणूनच काळ येथे औषध ठरत नाही. लोकलपासून दूर गेलेल्या दिवसांत लोकलबद्दल नवे काही शिकायला मिळालेले नसते.

उपाय त्याच गाडीत आहे, पण एकदम फास्ट गाडीत शिरून नव्हे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली पायऱ्या ठरवा; सुरुवात ठाणे ते मुलुंड एवढ्या स्लो प्रवासानेही होऊ शकते. निघण्यापूर्वी वहीत नेमके भाकीत लिहा, उदाहरणार्थ, ‘दोन मिनिटांत मी बेशुद्ध पडेन’, आणि उतरल्यावर प्रत्यक्षात काय घडले ते त्याखाली लिहा. पॅनिक अटॅकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, म्हणून शुद्ध हरपणे फार क्वचित घडते; पण हे माझ्याकडून वाचण्यापेक्षा मुलुंडच्या फलाटावर उभे राहून अनुभवणे अधिक मोलाचे आहे. धडधड सुरू झाली, तर ती ओसरेपर्यंत दाराकडे सरकू नका. जुनी गाठ पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवे शिकणे रुजते, आणि ते जिथे रुजले तिथेच अधिक टिकते. म्हणून वेळ, डबा, गर्दी बदलत सराव करा. एखाद्या दिवशी भीती परतली, तर सारे वाया गेले असे समजू नका.

यजमानांना हे उत्तर अवश्य वाचायला द्या. त्यांची सोबत प्रेमापोटी आहे, पण आता त्यांना पहिल्या आठवड्यात मुलुंडच्या फलाटावर थांबू द्या, दुसऱ्या आठवड्यात घरीच. बाटली मात्र पहिल्या दिवसापासून घरी ठेवा. जवळ तज्ज्ञ मिळत नसतील, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.