विपश्यना केंद्राची सेवा: जमीन, स्वयंपाकघर आणि दान

विपश्यना या ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात शिकवण्याचे, राहण्याचे किंवा जेवणाचे पैसे घेत नाहीत. मग केंद्रं उभी कशी राहतात आणि रोज चालवतं कोण, याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या परंपरेतल्या केंद्रांना धरून आहेत. ‘जुना साधक’ म्हणजे किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेला, आणि ‘सेवक’ म्हणजे शिबिरात विनामोबदला काम (धम्मसेवा) करणारा जुना साधक.

प्रश्न: आमच्या तालुक्यात तीसेक जुने साधक आहेत. त्यातले एक जण दोन एकर शेतजमीन दान द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी? आधी पॅगोडा बांधावा असा काहींचा आग्रह आहे. (सांगली जिल्हा)

जमिनीच्या आधी माणसं तपासा. एखादी शाळा, धर्मशाळा किंवा विहार सुट्टीच्या काळात घेऊन तिथे शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांच्या संमतीने दोन-तीन शिबिरं करून बघा. गुरुजींचं भारतातलं पहिलं शिबिर जुलै १९६९मध्ये मुंबईतल्या धर्मशाळेतच झालं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली ती १९७६ साली. मधली वर्षं सगळी मागून घेतलेल्या जागांतच गेली. अशा शिबिरांत दहा दिवस पूर्ण थांबणारे सेवक किती, हे कळतं. तीस नावांतून सात-आठ जण खरोखर उभे राहिले तर पुढे जावं.

आता जमीन. ती एकदा पहाटे साडेचारला आणि एकदा संध्याकाळी सातला जाऊन बघा. या दोन्ही वेळा ध्यानाच्या किंवा प्रवचनाच्या आहेत, आणि भोंगे, मंगल कार्यालयाचा बँड नेमके तेव्हाच ऐकू येतात. खडी क्रशर, वीटभट्टी, कुक्कुटपालनाची शेड जवळ असेल तर जमीन फुकट मिळाली तरी महागच पडते. पाण्याचा अंदाज मेमध्ये घ्यावा आणि रस्त्याचा जुलैमध्ये. माणशी रोज १३५ लिटर धरा. साठ साधक आणि पंधरा सेवक म्हणजे रोजचं दहा हजार लिटर पाणी, दहा दिवसांचं एक लाख. विहीर आटली तर रोज एक मोठा टँकर बोलवावा लागेल. त्याचा खर्च आणि आवाज दोन्ही सोसणार का, ते आधी ठरवा.

कागदपत्रांत घाई नको. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते बघा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर तर याहून कडक बंधनं आहेत. ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ, बोजा, सोसायटीचं कर्ज आहे का, तेही वाचा. न्यास बिगरशेतकरी ठरतो, त्यामुळे शेतजमीन त्याच्या नावे करायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मग ती विकत असो वा बक्षीस. बांधकामासाठी अकृषिक वापराची पूर्तता वेगळी करावी लागते.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी होण्याआधीच जमीन ‘तात्पुरती’ एखाद्या विश्वासू साधकाच्या नावे करणं. तो माणूस सज्जन असतोच, पण त्याच्या पश्चात वारसांची नावं लागतात आणि केंद्र कोर्टात अडकतं. म्हणून आधी न्यास, मग नोंदणीकृत बक्षीसपत्र. दात्याने हॉलला वडिलांचं नाव द्या किंवा आमच्या घरातला एक विश्वस्त कायम ठेवा अशी अट घातली, तर ते दान नम्रपणे नाकारावं. फळाची अपेक्षा धरून दिलेल्या जमिनीवर ध्यानाचं वातावरण तयार होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

बांधकामाचा क्रम: पाणी आणि कुंपण, मग धम्महॉल, संडास-न्हाणीघरं, स्वयंपाकघर, निवास, पॅगोडा सगळ्यांत शेवटी. पॅगोडातली शून्यागारं, म्हणजे एकट्याने ध्यान करायच्या छोट्या खोल्या, मुख्यतः जुन्या साधकांच्या उपयोगाची, आणि जुने साधक तयार व्हायला आधी शिबिरं व्हावी लागतात. हॉलसाठी वाटा धरून माणशी बारा चौरस फूट लागतात, पंचाहत्तर जणांना नऊशे. न्हाणीघरांत कंजुषी करू नका. घंटा चारला होते, ध्यान साडेचारला सुरू होतं. त्या अर्ध्या तासात एका संडासावर पाच-सहा जणांपेक्षा जास्त उरकत नाहीत. पुरुष आणि स्त्रिया यांची सोय पहिल्या नकाशापासूनच पूर्ण वेगळी असावी, नंतर भिंत घालून ती साधत नाही.

प्रश्न: मी एक शिबिर केलं आहे. पुढच्या महिन्यात शंभर जणांच्या शिबिरात स्वयंपाकघरात धम्मसेवा करणार आहे. किती शिधा लागतो आणि काय सांभाळायचं? (नाशिक)

शंभर जणांच्या नाश्त्याला कोरडे पोहे सहा किलो. दुपारी तांदूळ सात किलो, तूरडाळ चार किलो, न चिरलेली भाजी पंधरा किलो, आणि तीनशे पोळ्यांना कणीक नऊ ते दहा किलो. हे आकडे पहिल्या दोन दिवसांचे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाणं कमी होतं, कारण शरीराला कष्ट नसतात आणि भरल्या पोटी बसवत नाही. तरी सेवक पहिल्या दिवसाचंच माप घालत राहतात आणि पातेली भरून अन्न उरतं. उरलेलं रोज मोजून भिंतीवरच्या वहीत लिहा, दुसऱ्या दिवशीचं माप त्यावरून ठरवा.

खरी कसरत वेळेची आहे. जेवण अकराला, आणि सकाळी आठ ते नऊ सामूहिक साधना. ती, दुपारची अडीचची आणि संध्याकाळी सहाची, या तिन्हींना सेवकांनीही बसायचं असतं. म्हणून डाळ आठच्या आत शिजून उतरलेली हवी, कणीक मळून झाकलेली हवी, भाजी चिरलेली हवी. नऊनंतर पोळ्या. एक जण तासाला साठेक पोळ्या लाटतो, म्हणजे दोन तासांत तीनशे व्हायला लाटायला तिघं आणि भाजायला दोघं लागतात. दोघांवर ढकललं की साडेदहाला आरडाओरड सुरू होते, आणि ती हॉलपर्यंत जाते. सगळे हॉलमध्ये जाणार असतील तर शेगडीच काय, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करून जा.

राजमा, हरभरे रात्रभर भिजवून, बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. अर्धकच्च्या कडधान्याने पोटात वायू धरतो, आणि चौथ्या दिवसापासून अधिष्ठानात तासभर न हलता बसणाऱ्या साधकाला त्याचा फार त्रास होतो. तळणही याच कारणाने टाळावं. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, मुरमुरे, एखादं फळ; जुन्यांना फक्त लिंबूपाणी, कारण ते अष्टशील पाळतात आणि दुपारी बारानंतर खात नाहीत. जुन्यांची संख्या नोंदणीच्याच दिवशी व्यवस्थापकांकडून घ्या. कुणाला मधुमेह असेल, औषधाबरोबर खाणं लागत असेल, तर त्याचा निर्णय स्वयंपाकघरात करू नका. आचार्यांना विचारून व्यवस्थापक सांगतील तसंच ताट लावा.

साधक पाळतात ते आर्य मौन सेवकांना नाही, पण कामापुरतंच आणि हळू बोलायचं. साधकाला ‘कसं चाललंय?’ एवढंही विचारू नये. आपुलकीने विचारलेल्या त्या एका वाक्याने त्याची दिवसभराची एकाग्रता मोडू शकते. सेवकाला पंचशील पाळायचं असतं. भांड्यावरून झालेली कुरबुर रात्री नऊच्या मैत्रीच्या (सगळ्यांसाठी मंगल कामना करण्याच्या) बैठकीपर्यंत मनात राहिली असेल, तर तिथे बसून ती बघता येते. सेवा हा साधनेचाच भाग आहे, तो इथे.

प्रश्न: माझ्या भावाने शिबिर केलेलं नाही, पण त्याला देणगी द्यायची आहे. चालेल का? (पुणे)

नाही. किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्याचंच दान घेतलं जातं. स्वतःला लाभ झाला, तो दुसऱ्यालाही व्हावा, या भावनेतून ते यावं म्हणून हा नियम. भावाला आधी शिबिराला पाठवा.

प्रश्न: मी जुनी साधक आहे, दुबईत नोकरी करते. गावाजवळच्या केंद्राला पैसे पाठवू शकते का? (दुबई)

पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवणार असाल, तर ते परदेशी अंशदान धरलं जात नाही. पावतीसाठी पासपोर्टची प्रत न्यासाकडे द्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र हे लागू नाही, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी. त्यांचं दान एफसीआरए (परदेशी अंशदानाचा कायदा) नोंदणी असलेल्या न्यासालाच, आणि त्याच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येतं. प्रत्येक केंद्राचा न्यास स्वतंत्र असतो, त्यामुळे एकाकडे नोंदणी आहे म्हणून शेजारच्याकडेही असेल असं समजू नका.

प्रश्न: मी प्लंबर आहे. एक शिबिर केलं आहे, पण सेवेसाठी दहा दिवस सुट्टी मिळत नाही. (कोल्हापूर)

तुमच्यासारख्यांची वाट केंद्रं बघत असतात. दोन शिबिरांमधल्या तीन-चार रिकाम्या दिवसांत सेवा द्या. तेव्हाच टाक्या धुता येतात, गळके नळ बदलता येतात, सोलरच्या पाइपातला क्षार काढता येतो. शिबिर चालू असताना ड्रिल किंवा हातोडा वापरता येत नाही, म्हणून नळ ठिबकत असला तरी दहा दिवस तसाच राहतो, आणि रात्रीच्या शांततेत तेवढाच ऐकू येतो. सेप्टिक टँकचं झाकण उघडून लांब काठीने पातळी बघा. आत डोकावू नका, उतरू तर मुळीच नका, विषारी वायूने माणसं दगावतात. उपसायला सक्शनची गाडीच बोलवायची. जाण्याआधी व्यवस्थापकांना फोन करून कुठल्या मापाचे वॉशर आणि कॉक लागतील ते विचारा, कारण बरीच केंद्रं गावापासून लांब आहेत आणि एका वॉशरसाठी अर्धा दिवस जातो.